जुन्या रायफलीचा नेम : माशी, छिद्र की दुर्बीण?



भुईमूग भरायला लागला, मक्याच्या कणसात दूध आले, की रानडुकरांचा कळप रात्री शेतात उतरतो, हे कोकणातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. डुक्कर खाते थोडे आणि नासते फार. सकाळी जाऊन पाहावे तो वावर नांगरून टाकल्यासारखे झालेले असते. अशा वेळी ज्यांच्या घरी परवान्याची जुनी रायफल आहे त्यांच्या मनात एक प्रश्न येतो. रायफल वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची. नळी चांगली आहे, बोल्टही चालतो, पण दिवस मावळला की पुढची माशी दिसत नाही आणि नेम लागत नाही. मग तिच्यावर दुर्बीण बसवावी का? की आहे तीच माशी बरी? आज ह्याच प्रश्नाचा आपण नीट विचार करू.

प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्यात माणसाच्या जिवाचा हिशेब आहे. नेम थोडा चुकला तर डुक्कर मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरते आणि सकाळी गवताला गेलेल्या बाईच्या अंगावर येते. आणि नेम अगदी अचूक असला, पण ज्याच्यावर तो धरला ते डुक्कर नसून घोंगडी पांघरून राखणीला बसलेला शेजारी असला, तर? डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत. म्हणून नेमाचे साधन निवडताना ते किती लांबचे दाखवते हे मागाहून पाहावे. ज्या उजेडात आणि ज्या अंतरावर आपल्याला बार करायचा आहे, तिथे आपल्या डोळ्यांना ते काय स्पष्ट दाखवते, हे आधी पाहावे. आजच्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानडुकराची शिकार हौसेने करता येत नाही. २०२२ साली ह्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर कायद्याच्या ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, लेखी परवानगी देऊ शकतो. ही परवानगी हातात आल्याशिवाय रायफल खांद्याला लावायची नाही. परवानगीच्या कागदावर कोणत्या क्षेत्रात, किती दिवस आणि कोणी, हे जे लिहिलेले असेल तेच खरे. रात्री दिव्याच्या उजेडात बार करायचा की नाही, तेही त्याच कागदावरून ठरेल. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता होते, ते आपल्या चुलीवर जात नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि ज्याच्या पिकाचे नुकसान झाले आहे त्याने वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करायला विसरू नये.

आता रायफलीकडे वळू. खेड्यात बंदूक म्हटली की बहुधा ठासणीची किंवा छऱ्याच्या काडतुसाची बंदूक असते. तिची नळी आतून गुळगुळीत. तिच्या टोकाला एकच मणी असतो, आणि मागे नळीच्या पाठीवरूनच बघायचे असते. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे खाचे असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. म्हणून रायफलीला नेमाची दोन टोके लागतात. नळीच्या तोंडाशी माशी आणि मागे खाच असलेली पत्ती. डोळा, खाच, माशी आणि जनावर एका रेषेत आले की नेम झाला.

आपल्या देशात जुन्या परवान्यांवर ज्या रायफली दिसतात त्यांत ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल पुष्कळांच्या ओळखीची आहे. तिची घडण लष्कराच्या ली-एनफील्ड रायफलीवरून घेतलेली आहे. काही घरांतून विलायती घडणीच्या मॉझर जातीच्या शिकारी रायफली आहेत. जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली, तीही मॉझर घडणीचीच होती. ह्या रायफलींवरील पत्ती बहुतेक साधी असते, आणि ज्या काळात त्या बनल्या त्या काळातल्या शिकाऱ्याला ती पुरत होती. मग आपल्याला ती का पुरत नाही? ह्याचे उत्तर पुष्कळदा रायफलीत नसून आपल्या डोळ्यांत असते.

शिक्षक मित्रांनो, हा भाग मुलांना वर्गात दाखवण्याजोगा आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्वच्छ पाहू शकतो. इथे वस्तू तीन आहेत. खाच हातभर अंतरावर, माशी जवळजवळ मीटरभरावर, आणि डुक्कर चाळीस-पन्नास मीटरवर. तरुण डोळा ह्या तिघांवरून इतका चटकन फिरतो की तिन्ही एकदम दिसल्यासारखे वाटते. पण चाळिशी लागली, म्हणजे वाचायला चष्मा लागला, की जवळची खाच कापसासारखी पिंजलेली दिसते. माशी त्या धुक्यात कुठे आहे ते कळत नाही. माणूस म्हणतो, रायफल बिघडली. अहो, रायफल आहे तशीच आहे, आपले वय झाले!

खाच पिंजलेली दिसली तर बिघडते किती, तेही मोजून पाहू. समजा खाच आणि माशी ह्यांत अर्धा मीटर अंतर आहे आणि डुक्कर ५० मीटरवर आहे. म्हणजे जनावराचे अंतर हे खाच-माशीच्या अंतराच्या शंभर पट झाले. त्यामुळे माशी खाचेत एका मिलिमीटरने बाजूला गेली तर गोळी ५० मीटरवर शंभर मिलिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटर बाजूला जाणार. हे सरूप त्रिकोणांचे साधे गणित आहे. डुकराच्या छातीतील मर्माची जागा मोठ्या बशीएवढी. तिच्या मध्यावर धरलेली गोळी १० सेंटिमीटर सरकली की ती कडेला लागते किंवा बाहेरच जाते. ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक चूक, आणि जनावर जखमी!

ह्यावर पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे. माशी नीट दिसेल असे करा. रानडुक्कर काळपट, संध्याकाळ काळपट आणि माशीही काळी. काळ्यावर काळे दिसणार कसे? विलायती शिकारी रायफलींच्या माशीवर म्हणूनच हस्तिदंताचा किंवा चकचकीत धातूचा मणी असे, आणि मागची खाच उथळ व पसरट असे, म्हणजे मणी तिच्यात चटकन बसावा. आपल्या माशीच्या डोळ्याकडील बाजूवर पांढऱ्या ऑइलपेंटचा बारीक ठिपका दिला तरी काळोख पडतानाची दहा-पंधरा मिनिटे पदरात पडतात. ठिपका सपाट आणि लहान असावा. गोल चकचकीत मण्यावर एका बाजूने ऊन पडले की त्याची तेवढीच बाजू उजळते, आपण तिलाच मध्य समजतो आणि गोळी उलट्या अंगाला जाते.

त्याच वेळी मागची पत्ती तपासा. पुष्कळ जुन्या पत्त्यांवर अंतराचे आकडे असतात आणि सरकपट्टी मागेपुढे होते. ती चुकून ३०० वर राहिली तर जवळच्या जनावराच्या पाठीवरून गोळी जाते. काही लष्करी मॉझर रायफलींची पत्ती तर मुळातच लांबच्या पल्ल्यापासून सुरू होते. स्वीडनच्या १८९६ च्या रायफलीचा सर्वांत खालचा आकडा ३०० मीटरचा आहे, जर्मनीच्या १८९८ च्या रायफलीचा ४०० चा. अशी पत्ती शिकारी रायफलीवर तशीच राहिली असेल तर ती शेतातल्या अंतरावर वरच मारणार. तिला उंच माशी बसवणे हाच उपाय.

दुसरा प्रकार छिद्राच्या साइटचा. हिच्यात मागे खाचेऐवजी एक गोल कडी असते आणि ती डोळ्याच्या जवळ, बोल्टच्या मागच्या बाजूला बसते. कडीतून पाहायचे आणि माशी जनावरावर धरायची, बस्स. कडीकडे बघायचेच नाही. गोल भोकाचा मध्य डोळा आपोआप शोधतो. अमेरिकेत विल्यम लायमन यांनी १८७९ साली अशा साइटचे पेटंट घेतले. ब्रिटिश लष्कराच्या जुन्या ली-एनफील्डवर खाच नळीच्या अंगाला, बरीच पुढे होती. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या चौथ्या नमुन्यावर छिद्राची साइट मागे, डोळ्याजवळ आली. ह्यात दोन फायदे झाले. एक तर तीनऐवजी दोनच वस्तू पाहायच्या राहिल्या. दुसरे, मागचे टोक आणि माशी ह्यांतले अंतर वाढले. हे अंतर अर्ध्या मीटरऐवजी ७० सेंटिमीटर झाले, तर मघाची एका मिलिमीटरची चूक ५० मीटरवर १० ऐवजी सुमारे ७ सेंटिमीटर होते.

चाळिशी लागलेल्याला छिद्रातून स्वच्छ का दिसते, हे शिक्षकांनी असे दाखवावे. पोस्टकार्डाला जाड सुईने भोक पाडा. वाचायला चष्मा लागणाऱ्या कोणा वडीलधाऱ्या माणसाला चष्मा काढायला सांगा, आणि त्या भोकातून वर्तमानपत्र पाहायला द्या. अक्षरे एकदम उठून दिसतील. बारीक भोकातून किरण सरळ तेवढेच येतात, पसरट किरण अडतात, म्हणून डोळ्याच्या भिंगाचा दोष झाकला जातो. पण त्याच भोकातून उजेडही कमी येतो, हे तोच प्रयोग संध्याकाळी केला म्हणजे कळेल. चांदमारीवरचे एक मिलिमीटरचे छिद्र दिवस मावळल्यावर कुचकामाचे. रानात वापरायला तीन-चार मिलिमीटरचे मोठे भोक आणि भोवती पातळ कडी हवी. तिच्यातून चष्म्याचा गुण थोडा कमी मिळतो, पण उजेड मिळतो.

आता दुर्बीण. दुर्बिणीचा खरा गुण जनावर मोठे दिसणे हा नाही. तिच्यात जनावर आणि नेमाची फुली एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याला मागेपुढे धावावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. आणि दुसरा गुण उजेडाचा. दुर्बिणीवर ४×३२ असे आकडे असतात. त्याचा अर्थ चौपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ३२ मिलिमीटर रुंदीचे. ३२ ला ४ ने भागा, ८ आले. म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत डोळ्याशी पोचतो. माणसाची बाहुली अंधारात तरुणपणी सुमारे ७ मिलिमीटर उघडते आणि उतारवयात पाचच्या आसपास. म्हणजे ४×३२ ची साधी दुर्बीण आपल्या डोळ्याला घेता येईल तेवढा उजेड देते. जर्मनीत चांदण्या रात्री मचाणावर बसून रानडुकरे मारण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिथे ८×५६ ची मोठी दुर्बीण लोकप्रिय आहे. ५६ ला ८ ने भागा, ७ आले. हिशेब तोच, फक्त तिथे मोकळ्या शेतात लांबवर पाहायचे असते. आणि समजा कोणी आपल्याला ९×३२ ची दुर्बीण विकली, तर भागाकार साडेतीनच येतो. दुकानात दुपारी ती फार छान दिसेल, पण डुक्कर येण्याच्या वेळी तिच्यात काळोख भरलेला असेल.

फार मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीचा दुसरा तोटा म्हणजे तिची नजर अरुंद. चौपट दुर्बिणीतून १०० मीटरवर सुमारे नऊ-दहा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे २५ मीटरवर जेमतेम अडीच मीटर. नऊपट दुर्बिणीतून तिथे मीटरभरच दिसेल. मोठा नर त्याहून लांब असतो. मग भिंगात नुसते काळे केस दिसतात. तोंड कुठले आणि शेपूट कुठले हे कळत नाही, आणि शेजारी पिल्ले किंवा माणूस आहे का हे तर मुळीच नाही. म्हणून शेताच्या कडेला बसणाऱ्याला दीडपट ते चौपट ही मर्यादा पुष्कळ झाली. आतली फुली कडेला जाड आणि मध्ये बारीक असावी. नुसत्या बारीक तारा अंधारात दिसेनाशा होतात.

अलीकडे चौथा एक प्रकार आला आहे, लाल ठिपक्याचा. काचेच्या लहान नळीत सेलवर चालणारा लाल ठिपका दिसतो, तो जनावरावर ठेवायचा. स्वीडनच्या एइमपॉइंट कंपनीने १९७५ साली अशी पहिली विजेची साइट बाजारात आणली, आणि युरोपात हाक्याच्या शिकारीत, धावत्या डुकरावर, ती फार वापरतात. चाळिशीच्या डोळ्याला ती सोपी, कारण नजर जनावरावरच राहते. पण ती उजेड वाढवीत नाही, जनावर मोठे करीत नाही. अंधारात ठिपका मंद केला नाही तर त्याच्याच झगमगाटात डुक्कर लपते. शिवाय सेल संपला की ठिपका गेला. म्हणून मूळ माशी आणि पत्ती काढून टाकू नयेत.

हाक्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९७२ पासून १९८८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये धावत्या डुकराच्या चित्रावर ५० मीटरवरून नेमबाजी होत असे. चित्र १० मीटरच्या मोकळ्या जागेतून मंद फेरीत ५ सेकंदांत आणि जलद फेरीत अडीच सेकंदांत जाई. दुर्बीण चौपटीहून मोठी चालत नसे. जलद फेरीत चित्राचा वेग सेकंदाला ४ मीटर झाला. खरे डुक्कर बिथरले की ह्याच्या दुप्पट धावते. गोळीला ५० मीटर जायला सेकंदाचा बारावा हिस्सा लागतो असे धरले, तरी तेवढ्यात ते हातभराहून अधिक पुढे सरकलेले असते. वर्षानुवर्षे सराव केलेल्यांचे हे काम. आपण धावते डुक्कर सोडून द्यावे. कोणतीही साइट बसवली तरी हा नियम बदलत नाही.

उभे डुक्कर कुठे धरावे? त्याच्या पाठीवर आयाळ असते, खांद्याशी उंचवटा असतो, म्हणून अंगाचा मध्य आहे त्याहून वर वाटतो. हृदय व फुप्फुसे पुढच्या पायाच्या लगत मागे, छातीच्या खालच्या भागात असतात. म्हाताऱ्या नराच्या खांद्यावर चिवट जाड कातडीची ढालच असते. तेव्हा जनावर आडवे उभे राहीपर्यंत थांबा, पुढच्या पायाच्या रेषेने वर या, आणि अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम ठेवा. हे ठिकाण दिसत नसेल तर बार करायचा नाही.

साधन ठरले. आता जुन्या रायफलीवर ते बसेल का? मॉझर घडणीच्या जुन्या रायफलीत बोल्टची मूठ उघडताना सरळ वर येते आणि मागचा सेफ्टीचा खटकाही वरून फिरतो. दुर्बीण खाली बसवली तर दोन्ही तिला अडतात. मूठ वाकवावी लागते, खटका बदलावा लागतो. ली-एनफील्ड घडणीत मूठ आधीच खाली वळलेली आणि खटका डाव्या अंगाला असतो, ती अडचण नाही. पण दुर्बिणीची बैठक बसवायला पोलादी चौकटीला भोके पाडावी लागतात. हे काम गावच्या सुताराचे नाही आणि लोहाराचेही नाही. कायद्याने बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असते. काम सुरू करण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्या. आणखी एक गोष्ट. जुन्या रायफलीचा दस्ता माशीसाठी उतरता केलेला असतो. दुर्बीण त्याहून वर बसते, गाल टेकत नाही, मान उंचावते आणि नेम डळमळतो. दस्त्यावर चामड्याची गादी बांधून उंची वाढवावी. दुर्बीण डोळ्यापासून चार बोटे तरी दूर असावी, नाही तर धक्क्याने तिची कड भुवईवर बसते.

ह्या सगळ्याच्या आधी नळी तपासून घ्या. पुष्कळ जुन्या रायफली वर्षानुवर्षे तोंडाकडून गज घालून साफ केलेल्या असतात, त्यामुळे तोंडाची कड झिजते. अशा नळीच्या तीन गोळ्या तीन दिशांना जातात. तिच्यावर दुर्बिणीचा खर्च म्हणजे गळक्या घागरीला कल्हई!

नवी साइट बसवल्यावर तिची चाचणी शेतात नव्हे, तर रायफल क्लबच्या किंवा परवानगीच्या चांदमारीवर घ्यायची. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवा. एकाच खोक्यातील काडतुसे वापरा. २५ मीटरवर सुरुवात करा, मग ५० वर जा. तीन गोळ्या झाडा, नळी निवू द्या, आणि तिन्हींचा मध्य पाहा. एका गोळीवर काही ठरवू नका. गोळ्या उजवीकडे लागत असतील तर पत्ती डावीकडे सरकवावी, किंवा माशी उजवीकडे. माशीचे काम असे उलटे चालते. गोळ्या खाली लागत असतील तर माशी घासून कमी करावी लागते, पण घासलेले लोखंड परत येत नाही, म्हणून कानसेचा एकेक हात आणि मग पुन्हा चाचणी.

५० मीटरवरच का? सेकंदाला ६०० मीटर वेगाची गोळी धरा. हवेचा विरोध सोडून हिशेब केला, तर ५० मीटर जाईपर्यंत ती साडेतीन सेंटिमीटर खाली येते आणि १०० मीटर जाईपर्यंत साडेतेरा. उघड्या माशीने ५० वर नेमकी लावून ठेवलेली ही रायफल २५ मीटरवरही जवळजवळ नेमकीच मारते, आणि १०० वर सुमारे पाच सेंटिमीटर खाली. म्हणजे शेतातल्या कोणत्याही अंतराला जागेवर नेम धरायचा, वरखाली करायचे नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना हा हिशेब फळ्यावर करून घेता येईल.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोणतीही साइट गोळी कुठे लागेल ते सांगते, कुठे थांबेल ते सांगत नाही. रायफलीची गोळी मोकळी सुटली तर तीन-चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. त्या टप्प्यात दुसरे गाव असते, वाडी असते, रस्ता असतो. म्हणून डुकराच्या मागे मातीचा बांध किंवा चढण असेल तरच बार करायचा. उंच मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीत जाते, हा मचाणाचा खरा उपयोग. बांधावर किंवा टेकडीच्या माथ्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभे असलेले डुक्कर कितीही छान दिसले तरी सोडून द्यायचे.

आणि रायफलीच्या दुर्बिणीतून हे काय आहे ते बघू, असे कधीही करू नका. दुर्बीण जिकडे, तिकडे नळीचे तोंड. पाहायचे ते डोळ्यांनी, हातातल्या वेगळ्या दुर्बिणीने, आणि परवानगी असेल तर बॅटरीच्या उजेडात. डुक्करच आहे अशी पूर्ण खात्री झाली की मग रायफल उचलायची. हलणारी ज्वारी, चमकलेले डोळे, हुंकार, ह्यांपैकी कशावरही बार करायचा नाही. ज्या रात्री बसायचे त्या दिवशी आजूबाजूच्या सर्व शेतकऱ्यांना आणि राखणदारांना आपली बसण्याची जागा सांगा, त्यांची विचारून घ्या, आणि उजाडेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही असे ठरवा.

तेव्हा निवड अशी करावी. डोळे तरुण आहेत आणि पन्नास मीटरच्या आत बसायचे आहे, त्यांनी खाच आणि माशीच ठेवावी, माशी पांढरी करावी. चाळिशी लागलेल्यांनी मोठ्या भोकाची कडी किंवा लाल ठिपका पाहावा. मचाणावरून तिन्हीसांजेला किंवा चांदण्यात बसायचे आहे, त्यांनी चौपटीपर्यंतची, जाड फुलीची दुर्बीण घ्यावी. आणि ज्यांना ह्यांपैकी कशातूनही जनावर ओळखता येत नाही, त्यांनी त्या रात्री डबा वाजवावा, फटाका लावावा आणि पिकातून डुक्कर हाकलून द्यावे. चार तास भुईमूग गेला तरी पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येईल.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या गावात अशी रायफल कोणाकडे असेल तर पोस्टकार्डाचा प्रयोग त्या घरच्या माणसाला अवश्य करून दाखवा. आणि जमले तर संध्याकाळी, दिवे लागणीच्या सुमारास, गावाबाहेर एक काळी घोंगडी झुडपाजवळ ठेवून सर्वांना पन्नास मीटरवरून ती काय आहे ते ओळखायला सांगा. किती जण चुकतात ते लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.